वितरण आणि महावितरण

मराठीत नियतकालिक 'छापतात' असे क्वचितच म्हटले जाते, ते 'काढतात'. विहिरीतून पाणी काढावे, म्हशीची धार काढावी, सोसायटीतून कर्ज काढावे आणि प्रसंगी एकमेकांचे वाभाडे काढावेत, त्याच क्रियापदाने अंकही निघतो, आणि या चारही कृतींचा थोडाथोडा अंश अंक काढण्यात असतो, हे ज्याने एखादा तरी अंक काढला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. काढलेली वस्तू पुढे वाटावी लागते, आणि या वाटण्याला वार्षिक अहवालात 'वितरण' असे भारदस्त नाव देण्याची प्रथा आहे. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात मात्र या शब्दाची एक अडचण आहे. तेथे 'वितरण' म्हटले की ऐकणाऱ्याला प्रथम महावितरण आठवते, म्हणजे २००५ साली राज्य वीज मंडळाची वाटणी झाली तेव्हा घरोघर वीज पोचवण्याचे काम जिच्या वाट्याला आले ती कंपनी, आणि त्या आठवणीपाठोपाठ 'आली का?' हा दोन शब्दांचा प्रश्न ओठांवर येतो. संगणक-वापरकर्त्यांच्या मंडळाचे मासिक इलेक्ट्रॉनिक रूपात वाटणे या विषयाचा अभ्यास करताना हा प्रश्न हाताशी ठेवणे सोयीचे ठरते, कारण अंक निघाला हे संपादक सांगतो आणि अंक आला हे वाचकाने सांगायचे असते, आणि या दोन विधानांच्या मध्ये बराच मोठा घाट आहे.

संगणक-वापरकर्ता मंडळ म्हणजे यंत्र विकत घेतल्यानंतर विक्रेत्याने फोन उचलणे थांबवल्यामुळे एकत्र आलेल्या माणसांचा समूह. या समूहाचा उगम सामान्यतः अमेरिकेत दाखवला जातो. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या मोटारीच्या गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली सभा भरली आणि त्याच महिन्यात क्लबचे वार्तापत्र निघाले. मराठी मंडळांत बहुधा आधी अंक निघतो, मग त्यातील मुद्रणदोषांवर चर्चा करण्यासाठी सभा भरते. तेव्हा हा क्रम वाचकाला काहीसा उलटा वाटेल. याच वार्तापत्रात १९७६ च्या आरंभी बिल गेट्स या तरुणाचे एक खरमरीत पत्र प्रसिद्ध झाले, ज्यात आपण लिहिलेली आज्ञावली, म्हणजे संगणकाने काय करावे याच्या लेखी सूचना, सभासद पैसे न देता एकमेकांना वाटतात अशी तक्रार होती. पत्राचा परिणाम व्हायचा तो झालाच, पण अभ्यासकाने येथे एका विसंगतीची नोंद घ्यावी, ती अशी की ज्या मंडळींना कोणतीही गोष्ट फुकट एकमेकांना पोचवण्याची इतकी दांडगी हौस होती की त्यांना थांबवण्यासाठी उघड पत्र लिहावे लागले, त्यांच्याच वारसांना पुढे स्वतःच्या मासिकाखाली 'कृपया हा अंक जास्तीत जास्त जणांना पाठवा' अशी विनवणी छापावी लागली, आणि ती कोणी ऐकली नाही.

या वार्तापत्रांची मासिके झाली. बॉस्टन कॉम्प्युटर सोसायटी १९७७ साली स्थापन करणारा जोनाथन रोटेनबर्ग तेव्हा तेरा वर्षांचा होता. संस्थेची सभासदसंख्या पुढे तीस हजारांवर गेली आणि १९९६ साली संस्था बंद झाली. त्याच सुमारास लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या वापरकर्त्यांनी कागदाला मुळातूनच फाटा देणारी नियतकालिके सुरू केली होती. त्यांपैकी 'लिनक्स गॅझेट' १९९५ सालचे, आणि उबुंटू नावाच्या लिनक्सच्या वापरकर्त्यांचे 'फुल सर्कल' हे दरमहा केवळ फायलीच्या रूपात निघणारे मासिक २००७ सालचे. पुण्यातही लिनक्स वापरणाऱ्यांचा गट आहे. १९८८ पासून सी-डॅक ही महासंगणक बांधणारी संस्था शहरात आहे, आणि मुळशीच्या पूर्व टोकाला, हिंजवडी व माण या गावांच्या शिवारात, औद्योगिक विकास महामंडळाने वसवलेले राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे, ज्यात सकाळी शिरलेला माणूस संध्याकाळी बाहेर पडतो की नाही हे त्याच्या बुद्धीवर नव्हे तर चौकातील वाहतुकीवर अवलंबून असते. एवढी सामग्री एका तालुक्याच्या आसपास असताना तेथे संगणक-मंडळ आणि त्याचा अंक निपजणे स्वाभाविकच होय. पुढील वर्णन अशा कोणत्याही एका मंडळाचे नाही. ज्या मंडळाला ते आपले वाटेल त्याने ते आपल्या खर्चाने आपलेसे करावे.

विद्युत्-रूपाने वितरण करण्याचा मुळशीचा अनुभव मात्र कोणत्याही संगणक-मंडळाहून जुना आहे, आणि तो विषयाच्या मुळाशीच असल्यामुळे टाळता येत नाही. मुळा आणि नीला या नद्यांच्या खोऱ्यात टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधायला घेतले तेव्हा जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापट हे त्याचे पुढारी, आणि त्यांचे 'सेनापती' हे बिरुदही याच लढ्यातले. लढा हरला, धरण झाले, आणि १९२७ पासून घाटावरचे पाणी बोगद्याने व नळांनी सुमारे पाचशे मीटर खाली कोकणातल्या भिरा येथील वीजगृहात पडू लागले. तेथे तयार झालेली वीज मुंबईला गेली. उरलेले पाणी कुंडलिका नदीत सोडले जाते आणि त्यावर कोलाडला हौशी मंडळी रबरी होड्यांत बसून किंचाळत जातात. म्हणजे इलेक्ट्रॉनिक वितरणाचे मूलभूत तत्त्व, की वस्तू जेथे तयार होते तेथे सोडून बाकी सर्वत्र ती क्षणार्धात पोचते, मुळशीने संगणक येण्यापूर्वी साठ-सत्तर वर्षे प्रत्यक्ष अनुभवले होते. हिंजवडीत बसून संपादकाने कळ दाबली की अंक कॅलिफोर्नियातील सभासदाला तत्काळ मिळतो, बारामतीच्या साडूला मिळतो, आणि त्याच तालुक्यातील ताम्हिणीच्या सभासदाला 'रेंज आली की बघतो' एवढ्या उत्तरावर समाधान मानावे लागते, यात म्हणूनच कोणाला विशेष नवल वाटले नाही.

कागदी अंकाच्या काळात वितरण ही गोष्ट दिसत असे. मंडळाच्या कोशाध्यक्षांच्या ओसरीवर सतरंजी अंथरली जाई, तीवर अंकांचे गठ्ठे, खळीचे भांडे, पत्त्यांच्या पट्ट्या आणि तिकिटांचा कागद मांडला जाई, आणि एरवी सभेला न येणारे सभासदही चहा-पोह्यांच्या भरवशावर येऊन वेष्टने चिकटवत. पत्ते संगणकावर असत, पण छापून आलेल्या पट्टीवर पौड गावाचे 'पौंड' पडलेले असे. ते 'पौड' करण्यासाठी शेवटी बॉलपेनच लागे, आणि संगणक-मंडळाचा सर्वांत विश्वासार्ह संपादनप्रकल्प तोच होता. ज्या नियतकालिकाची सरकारदरबारी रीतसर नोंदणी झाली आहे त्याला टपाल खात्याची मोठी सवलत असते, आणि पन्नास ग्रॅमपर्यंतचा अंक पंचवीस पैशांत जाण्याची सोय या देशात वर्षानुवर्षे होती. ती इतकी टिकली की ३० जून २०११ रोजी पंचवीस पैशांचे नाणेच चलनातून गेले तरी दर मागे उरला. मात्र नोंदणीसाठी जे अर्ज व प्रतिज्ञापत्रे लागत ती भरण्यापेक्षा संपूर्ण किमतीची तिकिटे लावणे सोपे, असा निष्कर्ष बहुतेक मंडळांनी काढला, आणि हा त्यांच्या हिशेबातील एकमेव निष्कर्ष असा आहे की ज्यावर हिशेबतपासनिसाने शेरा मारला नाही.

कागदी अंकाचा आणखी एक गुण असा की तो न वाचताही उपयोगी पडत असे. पिरंगुटच्या एखाद्या हातगाडीवर 'विषाणूपासून संगणकाचे रक्षण' या लेखात गुंडाळलेला वडा मिळणे शक्य होते, आणि लेखकाच्या दृष्टीने तो वाचकवर्गाचा विस्तारच होता. रद्दीवाला हा नियतकालिकांचा शेवटचा आणि सर्वांत निःपक्षपाती समीक्षक. तो मजकुरावर मत देत नाही, वजनावर देतो, आणि रोख देतो. इलेक्ट्रॉनिक अंकाला रद्दी नाही. तो कितीही साठला तरी किलोवर जात नाही. उलट फोन 'जागा संपली' म्हणून कुरकुरू लागतो आणि सभासद नातवाचे फोटो ठेवावेत की मंडळाचे अंक या प्रश्नाचा विचार करत बसत नाही.

कागदाकडून फायलीकडे जाण्याची वाट मध्ये काही काळ चकत्यांवरून गेली. फ्लॉपी ही प्लॅस्टिकच्या चौकोनी वेष्टनातील चुंबकीय चकती, तीत १.४४ मेगाबाइट, म्हणजे आजच्या फोनने काढलेल्या एका फोटोपेक्षा कमी मजकूर मावत असे, आणि तो घरापासून मंडळापर्यंत नेताना वाटेत पुसला जाण्याची शक्यता तो वाचला जाण्याच्या शक्यतेहून अधिक असे. नंतर सीडी आली. 'पीसी क्वेस्ट' या भारतीय मासिकाने १९९६ साली अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली आणि ज्या देशात इंटरनेटची गती मोजायला घड्याळ नव्हे तर पंचांग लागत होते तेथे असंख्य हौशींना ती प्रणाली त्या चकतीमुळेच पहिल्यांदा पाहता आली. वितरणाच्या इतिहासात याला मानाचे स्थान द्यावे लागते. मंडळांनीही मग वर्षभराचे अंक सीडीवर घालून वाटले. त्या सीडींचे पुढे काय झाले हे पाहायचे असेल तर भात निसवण्याच्या दिवसांत खाचराच्या कडेला जावे, म्हणजे दोरीला टांगलेल्या, वाऱ्यावर फिरणाऱ्या आणि उन्हात चमकणाऱ्या चकत्या आंबेमोहोराच्या लोंब्यांपासून पाखरांना दूर ठेवताना दिसतात. मंडळाच्या अंकाला घाबरणारा वाचक तेवढाच मिळाला.

यापेक्षा कठीण प्रकरण लिपीचे. युनिकोड म्हणजे जगातल्या सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एकेक कायमचा क्रमांक देणारी व्यवस्था. ती प्रचारात येण्यापूर्वी प्रत्येक मराठी फॉन्ट, म्हणजे अक्षरवळणांचा संच, रोमन अक्षरांच्या जागांवर आपापल्या मर्जीने देवनागरी वळणे बसवत असे. ज्या संगणकावर तो विशिष्ट फॉन्ट असे तेथे संपादकाचे 'मुळशी' हे मुळशी दिसे. इतरत्र त्याच जागी रोमन अक्षरे, अर्धकंस, टक्केवारीची चिन्हे आणि उलटे प्रश्नचिन्ह यांची अशी रांग उमटे की संपादकाने वाचकाला शिवी दिली असावी असा समज होई. यावर उपाय म्हणून अंकासोबत फॉन्टही पाठवावा असे ठरले, आणि फॉन्ट कसा बसवावा याची सविस्तर सूचना अंकाबरोबर देण्यात आली. ती सूचना शुद्ध मराठीत होती आणि त्याच फॉन्टमध्ये होती. ही घटना कोणत्या मंडळात प्रथम घडली याविषयी वाद होऊ शकेल, पण ती ज्या मंडळात घडलीच नाही असे मंडळ दाखवणे अवघड आहे.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून होती, तरी घरोघरच्या संगणकांना आणि फोनांना ती नीट जोडता येण्यास बरीच वर्षे गेली. क्रमांक मिळाला म्हणजे रूप मिळाले असे नव्हे, हे कोणताही रेशनकार्डधारक सांगेल. पहिली वेलांटी बोलताना व्यंजनामागून येते आणि लिहिताना त्याच्या पुढे उभी राहते. ज्या यंत्राला हा शिष्टाचार ठाऊक नसतो ते वेलांटी आली त्याच क्रमाने मांडते आणि ती शेजारच्याच अक्षराच्या गळ्यात पडते, त्यामुळे 'विनोद' या सदराचे 'वनिोद' होते, आणि सदरातला एकमेव विनोद तोच ठरतो. 'ॲप' हा शब्द संगणक-मासिकात पदोपदी लागणारा, पण त्यातील 'ॲ' या अक्षराला युनिकोडने क्रमांक दिला तो २००८ साली, आणि जुन्या फोनांवर नंतरही कित्येक दिवस त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसे. मंडळाच्या चर्चेत पुष्कळदा जो विषय असे त्याचेच पहिले अक्षर बेपत्ता असे. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे कोणती हे राज्य शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने स्पष्ट केले, तरी पुष्कळ यंत्रे अद्याप हिंदी वळणाचीच आहेत, आणि मंडळातील एक निवृत्त मुख्याध्यापक प्रत्येक अंकानंतर केवळ 'श' या अक्षरावर एक पत्र पाठवतात, जे स्वतः हिंदी 'श' मध्येच येते.

या सर्वांत गंभीर दोष अर्ध्या 'र'चा. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधली खोल जागा, आणि हा भेद एका लहानशा आडव्या रेघेवर तोललेला आहे. ती रेघ काढण्याची कळ ज्याला सापडत नाही अशा लेखकाच्या निबंधात सह्याद्रीत दर्या पसरतो आणि शेतकऱ्यांचे 'शेतकर्यां'त रूपांतर होते. 'मुळशीच्या दर्यांमध्ये' असे छापून आल्यावर मुद्रितशोधकाने खेद व्यक्त करावा, हे योग्यच. तथापि न्यायबुद्धीने पाहता, मुळशीच्या दऱ्यांचा दर्या करण्याची दुरुस्ती संगणकाने नव्हे, धरणाने केली, आणि तीही संगणक येण्याच्या पुष्कळ आधी.

लिपीच्या या भांडणातून सुटका म्हणून पीडीएफचा आश्रय घेण्यात आला. पीडीएफ ही १९९३ साली ॲडोबी कंपनीने आणलेली आणि २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेली फायलीची जात. तिचे वैशिष्ट्य असे की पान जसे रचले तसेच ते कोणत्याही यंत्रावर दिसते, कारण अक्षरांची वळणेही तिच्या पोटातच भरलेली असतात. 'कोणत्याही यंत्रावर तसेच' या वचनाचा अर्थ मंडळांना उशिरा कळला. मोठ्या कागदाच्या मापाने, दोन स्तंभांत, कडेला नक्षी काढून रचलेले पान हाताच्या तळव्याएवढ्या फोनवर अगदी तसेच दिसते, म्हणजे टपाल तिकिटासारखे. ते वाचण्यासाठी बोटांनी मोठे करावे लागते, मग डावीकडून उजवीकडे सरकवत न्यावे लागते, ओळ संपली की परत डावीकडे यावे लागते, आणि असा पहिला स्तंभ तळापर्यंत गेला की पुन्हा वर येऊन दुसरा धरावा लागतो. खाचरात वाकून भाताची लावणी करणाऱ्याला हा व्यायाम परिचित आहे, फरक इतकाच की लावणीनंतर भात येते. संपादकाला मात्र कागद सोडवत नाही. मलपृष्ठ, मध्यपान, 'पृष्ठ ७ वरून पुढे' हे सर्व अवयव त्याने फायलीतही जपले आहेत, आणि 'अंकाची किंमत : सभासदांसाठी विनामूल्य' ही ओळ तर अजूनही चौकटीत असते.

पीडीएफविषयी मुळशीकर उदासीन आहेत असा तर्क यावरून कोणी काढील तर तो साफ चुकीचा ठरेल. या तालुक्यात एक पीडीएफ अशी आहे की जी भिंगाखाली, मोठ्याने, दोन साक्षीदारांसमोर आणि शेवटच्या तळटीपेपर्यंत वाचली जाते. ती म्हणजे सातबारा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा हा एकत्र उतारा जमीन कोणाची, किती आणि तीत काय पिकते हे सांगतो. १ मे २०१८ पासून राज्यात तो डिजिटल स्वाक्षरीने घरबसल्या मिळू लागला. ज्या तालुक्यात हिंजवडीच्या वाढीबरोबर जमिनीचा भाव एकरावरून गुंठ्यावर आणि गुंठ्यावरून चौरस फुटावर आला, जेथे 'गुंठामंत्री' हे पद निवडणुकीशिवाय मिळते, आणि ज्याच्या नावाला जोडून २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपटच निघाला, तेथे या दोन पानांच्या प्रकाशनाशी स्पर्धा करणे संगणक-मंडळाच्या चौसष्ट पानी अंकाला कसे झेपावे? सातबाऱ्यात कथानक आहे, नात्यांचा गुंता आहे, इतर हक्कांच्या रकान्यात रहस्य आहे, आणि मुख्य म्हणजे वाचकाचे स्वतःचे नाव आहे किंवा अनपेक्षितपणे नाही. मंडळाच्या अंकातही सभासदांची नावे छापण्याची युक्ती यातूनच सुचली असावी. वर्गणी थकलेल्यांची यादी छापली त्या महिन्यात अंक खरोखरच घरोघर वाचला गेला.

आज हा अंक व्हॉट्सॲपवरून जातो, आणि येथे वितरण, वाचन व अभिप्राय या तिन्ही क्रिया एकाच मिनिटात उरकतात. सकाळी ठीक आठ वाजता ॲडमिन, म्हणजे गटात कोणाला घ्यावे व कोणाला काढावे याचा अधिकार असलेला आणि तो कधीही न वापरणारा गृहस्थ, फाइल टाकतो. आठ वाजून नऊ सेकंदांनी 'अतिशय वाचनीय अंक, संपादकांचे मनःपूर्वक अभिनंदन' हा पहिला अभिप्राय येतो. त्यापाठोपाठ जोडलेल्या हातांची चित्रे, उभे अंगठे आणि एका सभासदाकडून चुकून त्याच गटात पाठवायचे राहून गेलेले पहाटेचे सुविचार येतात, आणि पंधरा मिनिटांत अंक इतका वर सरकतो की तो शोधण्यासाठी कोणीतरी 'दादा, अंक परत टाका ना' असे लिहिते. संदेश वाचला गेल्याची निळी खूण २०१४ पासून दिसू लागली, परंतु ती संदेश पाहिल्याची आहे, फाइल उघडल्याची नव्हे, आणि या फरकावरच मराठी नियतकालिकांचा सामाजिक सलोखा टिकून आहे. संपादक विचारतो, "काका, अंक मिळाला का?" काका म्हणतात, "मिळाला, मिळाला. फार छान." "कोणता लेख आवडला?" यावर काका पाऊस कसा काय आहे ते विचारतात.

वार्षिक अहवालातील वितरणसंख्या कशी काढतात हेही सांगितले पाहिजे. चार गटांत प्रत्येकी अडीचशे सभासद असतील तर हजार प्रती वाटल्या गेल्या, असा सरळ हिशेब असतो; त्या चारही गटांत तीच अडीचशे माणसे असतात ही गोष्ट हिशेबात घेण्याची रीत नाही. एकच संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे ढकलता येऊ नये असे बंधन भारतात २०१८ पासून आले, ते अफवांसाठी होते, पण अंकाच्या प्रसारकांनी ते आपल्यावरच आले असे मानले आणि सहाव्या गटाला अंक न पोचण्याचे कारण म्हणून ते आजही पुढे केले जाते. जुने अंक हवे असतील तर परिस्थिती आणखी बिकट होते. कागदी अंक पौडच्या कोणाच्या तरी माळ्यावर, कडेने उंदरांनी संपादित केलेले का होईना, सापडतात; फ्लॉपीवरील अंक आहेत पण फ्लॉपी घालायला यंत्र नाही, सीडीवरील अंक पाखरांकडे आहेत, आणि फोनवरील अंक तो फोन बदलला तेव्हा गेले.

पावसाळ्यात या सगळ्याची परीक्षा होते. ताम्हिणी हे राज्यातील अतिपावसाच्या ठिकाणांपैकी. हंगामात तेथे कित्येक हजार मिलिमीटर पाणी पडते, झाड तारेवर येते, तार रस्त्यावर येते, वीज जाते, वीज गेली की काही तासांनी टॉवरची बॅटरी संपते आणि टॉवर गेला की रेंज जाते. आषाढाचा अंक अशा वेळी हिंजवडीहून वेळेवर निघतो. तो कोठे असतो हे सांगणे तत्त्वज्ञानाचे काम आहे. निघाला असतो हे खरे, आला नसतो हेही खरे. मग एखादा व्यवहारी सभासद पौडला तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, जेथे इन्व्हर्टर आहे, फोन पुढे करून "दादा, याच्या तीन प्रती काढा, पाठपोट" असे सांगतो, पिना मारून घेतो, आणि एक प्रत ग्रंथालयाला, एक आपल्याला आणि एक वरच्या गावाला जाणाऱ्या एसटीच्या वाहकाकडे देतो. वाहक ती तिकीट-मशिनच्या पेटीखाली ठेवतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोचते, ओली, पण युनिकोडसह शाबूत, आणि एका बैठकीत चार जण ती वाचतात, कारण टीव्ही बंद असतो.

वीज परत आली की फोन चार्जिंगला लागतो, आणि रेंज येताच खोळंबलेले संदेश एकामागून एक पडू लागतात. त्यांत सर्वांत आधी महावितरणचे बिल असते. हे नियतकालिक दरमहा न चुकता निघते, कोणत्याही फोनवर नीट दिसते, त्यातील 'श' विषयी कोणी पत्र लिहीत नाही, आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिक वितरणासाठी कंपनीने जी योजना आणली तिच्यापुढे जगातील यच्चयावत वापरकर्ता मंडळांनी हात टेकावेत: जो ग्राहक कागदी प्रत नको म्हणून फक्त इलेक्ट्रॉनिक प्रत घेईल त्याला दर अंकामागे दहा रुपये सूट देऊ केली होती. मुळशीतील मंडळाच्या कार्यकारिणीपुढे हाच मार्ग अवलंबावा असा ठराव एकदा मांडता येण्यासारखा आहे. कोशाध्यक्ष त्याला अनुमोदन देतील असे मात्र दिसत नाही.